सर्व्हरचा दुसरा पत्ता

पलासिया भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला मी नवीनच लागलो होतो. बॅकअपसाठी मी सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि सकाळपासून रिपोर्ट कधी उघडत, कधी अडकत. काउंटरवर लोक चिडले होते. मी घाबरून सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत होतो.

रांगेतली एक बाई, चष्मा केसांत खोचलेला, काचेशी वाकून म्हणाली, "भिया, सर्व्हरला दोन कार्डं आहेत का? मग सर्व्हरच्या नावावर पत्ता कोणता येतोय, देखो जरा."

मी पाहिलं. एकाच नावाला दोन पत्ते लागले होते आणि बॅकअपच्या पत्त्यावर काउंटरचे कॉम्प्युटर पोचूच शकत नव्हते.

"आमच्या ऑफिसातपण असंच झालं होतं. मी तर रडले होते," ती हसली. "डीएनएसमध्ये नावं-पत्त्यांची यादी असते ना, त्यातून बॅकअपवाला पत्ता काढून टाका, बस."

मी काढला. रिपोर्ट भराभर निघू लागले. तिचा आधी द्यायला गेलो, तर म्हणाली, "लाइनीत येऊ द्या."

पाळी आल्यावर वडिलांचा रिपोर्ट तिने उभ्यानेच वाचला आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. "पप्पा ठीक आहेत." एवढी भीती पोटात घेऊन ती मला धीर देत होती, हे मला तेव्हा कळलं. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "थँक्यू हां, भिया."