शुक्रवारचे टँकर

निधी मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. कारखान्यांमुळे नदीचं, हवेचं, जमिनीचं जे नुकसान होतं त्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे खणून काढणाऱ्या पत्रकारांना मुंबईतली एक संस्था पैसे देते. बदलापुरात बसून लिहिणाऱ्या माझ्यासारखीला ते मिळतील असं मला वाटलं नव्हतं. पिठाच्या हातांनीच बाहेर जाऊन मी बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, "त्यात नाव कोणाचं छापून येणार?"

"माझं."

ते परत पेपरात गेले.

बाबांनी सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका रसायनांच्या कारखान्यात केली. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं हे घर, माझं कॉलेज, आईचं आजारपण, सगळं त्याच पगारावर निभावलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भीमजयंतीच्या मिरवणुकीत पोलिसांशी हुज्जत घालणारा हा माणूस. त्याला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तोपर्यंत मी एका स्थानिक साप्ताहिकात होते. बारवी धरणाच्या वाटेवर एक पाडा आहे. त्याच्या शेजारच्या ओढ्यात बाबांच्याच जुन्या कारखान्याचे सांडपाण्याचे टँकर रिकामे होतात, अशी बातमी मी साप्ताहिकाला दिली होती. संपादकांनी ती वाचली आणि समोरचा दिवाळी अंक माझ्याकडे सरकवला. मागच्या पानावर त्याच कंपनीच्या शुभेच्छा होत्या. "हे पान गेलं तर अंक कशावर काढायचा, तू सांग," ते म्हणाले. ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. मी बातमी परत घेतली आणि निधीसाठी अर्ज केला.

पाड्यावर मला एक मावशी भेटली होती. ओढ्याकाठी तिचं भाताचं खाचर. पहिल्याच दिवशी तिने नातीचे पाय दाखवले. पोटऱ्यांवर लाल चट्टे होते, काही ठिकाणी कातडी सोललेली. "पाणी काला झाला का आमाला कलतं, आज शुक्रवार हाय," ती म्हणाली. शुक्रवारी इकडे कारखान्यांना सुट्टी. साहेब नसतात, तपासायला कोणी येत नाही, टँकर मात्र येतात.

मी शुक्रवारी गेले. भर दुपार होती. करवंदीच्या जाळीमागे बसून मोबाईलवर चित्रीकरण केलं. टँकरचा पाइप ओढ्यात सोडला आणि पाणी फेसाळत खाली निघालं. जाळीआडूनच वाकून मी ते दोन बाटल्यांत भरलं. वास असा की जीभ कडू झाली. मी खोकला दाबायचा प्रयत्न केला, पण तो आलाच. ड्रायव्हरने वळून पाहिलं. ओरडला नाही, धावला नाही. खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे पाहतच कोणाशी तरी बोलायला लागला. मी बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि ॲक्टिव्हापर्यंत पळाले. गाडी वळवली तेव्हा तो फोन माझ्याकडे रोखून उभा होता.

त्या बाटल्या तपासायला जवळच्या प्रयोगशाळेने नकार दिला. पाणी कुठलं हे विचारलं आणि काउंटरवरची मुलगी आत जाऊन आली. "मशीन बंद आहे, मॅडम." शेवटी संस्थेने पुण्यात सोय केली. माझ्या स्वतःच्या पैशांत ते झालं नसतं. पैसा पाठीशी असला की काय काय करता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि काय काय करता येत नाही हे पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात काका आले. सख्खे नव्हेत, बाबांच्या खात्यातले जुने सोबती. युनियनमध्ये दोघं एकत्र, आमच्या घरी जेवायला बसणारे. निवृत्तीनंतर ते त्याच कंपनीला कंत्राटी कामगार पुरवायचे. त्यांचा मुलगाही तिथेच लागला होता.

"जय भीम, भाऊ," म्हणत ते आत आले. हातात मिठाईचा बॉक्स. चहा होईपर्यंत गुडघेदुखीच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाड्यावर गेलतीस म्हणे."

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"कोण म्हणालं, काका?"

"कोण म्हणालं ते जाऊ दे. फोटो आलाय तुझा. गाडीच्या नंबरसकट." ते थांबले. "हे बघ पोरी, मी आलोय म्हणून चहा पिऊन बोलतोय. दुसरं कोणी आलं असतं तर चहा पिलं नसतं."

"मला धमकी देताय का?"

"धमकी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "लोक बोलतात, बाहेरचा पैसा घेऊन कारखाना बंद पाडायला निघालीय. माझ्या पोराचं काय होईल ते सांग मला."

ते मला धमकवायला आले होते की वाचवायला, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल. ते गेल्यावर बाबांनी दाराला आतून कडी घातली. दुपारचे चार वाजले होते. त्या वेळी आमचं दार कधीच बंद नसायचं.

मग सोसायटीच्या ग्रुपवर तेच फिरायला लागलं. परदेशी पैसा, आपल्या मुलांच्या नोकऱ्या, विकासाच्या आड येणारे लोक. माझं नाव कुठेही नव्हतं. जिन्यात मात्र बायका मला पाहून गप्प व्हायच्या. गाडी काढण्याआधी मी ब्रेक दाबून बघायला लागले. मागे एखादी गाडी जास्त वेळ राहिली की मी वेग कमी करून तिला पुढे जाऊ द्यायचे. ती पुढे जायची, आणि आत कोणी तरी भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेलं असायचं. हसू यायचं नाही.

सगळ्यात जास्त भीती पाड्यावर जाताना वाटली. मावशीला लेख वाचून दाखवायचा होता. हेल्मेट घालत होते तेवढ्यात बाबा चप्पल घालून दारात उभे राहिले.

"तुम्ही कुठे?"

"मागे बसतो."

"बाबा, तुम्हाला दम लागतो. आणि तुम्ही येऊन करणार काय?"

"काही नाही करणार. मला पण भीती वाटते," ते म्हणाले. "घरात एकट्याने बसून जास्त वाटते."

तसेच आम्ही गेलो. पूर्ण रस्ता त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

मावशी आम्हाला पाहून अंगणातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. "बाय, माझा नाव काढून टाक. माझा बोलना पन काढ. लेकाला कामाव घेतलाय कंपनीवाल्यांनी. गेटाव, वाचमन." नात तिच्या पदराआडून बघत होती. पायांवर हळद लावली होती.

मी तिथूनच संस्थेतल्या संपादक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिने आधी संमती दिलीय, कायद्याने आपण वापरू शकतो. पण ती तिथे राहणार आहे आणि आपण नाही. ठरव तू." मी मावशीसमोर तिचं बोलणं फोनमधून पुसलं. ती स्क्रीनकडे बघत राहिली. पुसलं म्हणजे खरंच पुसलं का, असं तिने तीन-चार वेळा विचारलं.

लेख निघाला तो टँकरचं चित्रीकरण आणि पाण्याचा अहवाल यांच्यावर. माणूस त्यात कोणीच बोलत नव्हता. खाली माझं नाव होतं. त्या दिवशी काहीच झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ते काहीच न होणं फार वाईट होतं. बेल वाजली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो, आणि मग कचरेवाल्या बाईंचा आवाज यायचा.

नंतर कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. बाबांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि खुर्चीत बसले. संस्थेच्या वकिलांनी उत्तर दिलं. एकटी असते तर मी त्याच दिवशी माफीनामा लिहून दिला असता, हे मला पक्कं माहीत आहे. पुढे सरकारी तपासणीची माणसं आली, त्यांनी कंपनीचा एक विभाग बंद करायला लावला. पाड्याजवळ टँकर येणं थांबलं. ते कुठे तरी जात असणारच. कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या विभागातल्या कंत्राटी मुलांना घरी बसवलं. काकांचा मुलगा त्यांत होता. मालकांपैकी कोणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. जबाबदारी कोणाची हे मी लिहिलं होतं, पुराव्यासकट. ती येऊन पडली भलत्याच दारात.

बुद्धपौर्णिमेला विहारात काका दिसले. वंदना चालू होती. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. खीर वाटताना काकू माझ्याशेजारी आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुझी मोठ्या लोकांत ओळख झाली ना आता? विचार ना गं, पोराला परत घेतील का?"

माझ्या हातातली खिरीची वाटी गरम होती. मी म्हटलं, "विचारते, काकू." कोणाला विचारणार, ते त्यांनी विचारलं नाही.