गुणा मेस्त्री आणि भाऊंचा दुसरा गिअर

गाडी गॅरेजात आली की इतर मेस्त्री बॉनेट उघडतात. गुणा मेस्त्री मात्र आधी डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसायचे. "चल, मार एक फेरी," म्हणायचे आणि चालवणारा गिअर बदलू लागला की त्याच्या हातावर आपला ग्रीसने माखलेला हात अलगद ठेवायचे. नवखा माणूस दचकायचा. "गाडी एकवेळ खोटा बोलात, हात बोलाचो नाय," हे त्यावरचं त्यांचं ठरलेलं उत्तर.

आमच्या तिठ्यावर फणसाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. खाकी हाफपँट, उघडं अंग, तोंडात पान. नम्रपणा हा गुण देवाने त्यांच्या वाट्याला घातलाच नव्हता. "कुडाळसून बांद्यापर्यंत हातगिअर करणारो मी एकटोच उरलंय," असं ते विचारलं नसतानाही सांगत. गिऱ्हाइकाचा स्वभावसुद्धा गिअरवरून सांगत. दोडामार्गच्या एका केळीवाल्याला त्यांनी फेरी न मारताच, नुसती दांडी हलवून ऐकवलं, "रागान गाडी हाकतंस तू. तिसरो गियर मारून टाकलंस." तो हसायलाच लागला. म्हणाला, "मेस्त्री, गाडी माझी बायल चालयता." मेस्त्री जराही वरमले नाहीत. "मगे ती तुझ्यार रागावता," म्हणाले आणि पाना शोधायला लागले.

माझ्या वडिलांचं आणि त्यांचं जुनं गूळपीठ. वडिलांना सगळा गाव भाऊ म्हणे, आम्हीही. भाऊंनी जन्मभर भाड्याची गाडी चालवली. नवऱ्या मुली, बाळंतिणी, गोव्याच्या इस्पितळात न्यायचे पेशंट, सगळे त्यांच्याच गाडीतून गेले. धंदा बंद केल्यावरही जुनी गाडी त्यांनी विकली नाही. तिच्या गिअरची दांडी स्टेअरिंगलाच होती, डाव्या हाताशी; हाच तो हातगिअर. दांडीपासून दोन सळ्या खाली गिअरबॉक्सपर्यंत जातात. त्यांच्या सांध्यांतले बुश, म्हणजे छोट्या कड्या, झिजले की सळ्या एकमेकींत अडकतात आणि गाडी धड या गिअरमध्ये नाही, धड त्या गिअरमध्ये नाही. मग खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि सळी हाताने मागे ढकलायची.

भाऊंना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, तेव्हा डाव्या हातातली ताकद गेली. चहाचा कप धरता येई, पण जोर लावायचं नाव नको. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. आम्ही घरची माणसं मात्र "बरे व्हाल हो, व्हाल" असंच म्हणत राहिलो, कारण त्यांच्या तोंडावर दुसरं काही बोलायची आमची छाती नव्हती. ते ऐकून भाऊ एक दिवस गाडी घेऊन निघाले. देवळाकडच्या घाटीत, ऐन चढावर, दुसरा गिअर पडला नाही. गाडी मागे सरकली आणि मागून येणारी एसटी कशीबशी थांबली. घरी येऊन भाऊ म्हणाले, "गियर गेलो. गुण्याक दाखवक व्हयो." हाताचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन चालत तिठ्यावर गेली. आदल्या संध्याकाळी मेस्त्रींनी नेलेली गाडी तिथे उभीच होती. आई पदर सावरत म्हणाली, "भावोजी, एक मागणा आसा. गियर करू नकात. पार्ट मिळना नाय म्हणान सांगा तेंका. तेंचो जीव वाचात."

मेस्त्री पिंक टाकून आले. "वैनी, बुश झिजलेत ता खरा आसा. पण गियर मोडको ठेवलंय तर भाऊ मरासर त्या गियराचीच वाट बघीत बसतलो. आज पार्ट येतलो, उद्या येतलो. असा जगणा तेका देवक नको." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "मी बरो करतंय. मगे काय ता तो आणि तेचो हात बघून घेवंदेत."

आई रडत घरी आली. मलाही मेस्त्रींचा संताप आला होता. आपल्या कामाच्या ऐटीपायी हा माणूस भाऊंचा जीव घेणार, असंच मला वाटत होतं.

त्या गाडीचे बुश बाजारात मिळत नव्हते. मेस्त्रींनी कुडाळच्या लेथवर जाऊन पितळेचे करून आणले, सळ्या काढून सरळ केल्या, परत जोडल्या. भाऊ स्टुलावर बसून पाहत होते. काम संपल्यावर मेस्त्री नेहमीसारखे डावीकडे बसले. त्या गाडीला पुढे अख्खी सीट होती, पण मी मागे बसले. सपाट रस्त्यावर दांडी लोण्यातून जावी तशी जात होती. भाऊंचा चेहरा खुलला. "गुण्या, गाडी नवी केलंस रे!"

"घाटीत घाल," मेस्त्री म्हणाले.

चढाला गाडी कण्हू लागली. भाऊंनी दांडी दुसऱ्यात घालायला हात लावला. हात नुसता दांडीवर राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी थांबली आणि मेस्त्रींनी हँडब्रेक ओढला. मग त्यांनी भाऊंच्या हातावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. दांडी गपकन जागेवर बसली.

"पडलो?"

"पडलो," भाऊ म्हणाले.

"आता गाडयेत कायएक खोट नाय, भाऊ."

 मग भाऊंनी इंजिन बंद केलं, दार उघडलं, गाडीला वळसा घालून डावीकडे आले आणि म्हणाले, "सर पलीकडे. तूच घेवन चल."

आठवडाभर भाऊंनी मेस्त्रींचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी उठून शेडमधल्या बाकावर जाऊन बसले, ते रोजच बसू लागले. येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून निदान करायचं आणि त्यावरून मेस्त्रींशी भांडायचं, हा दोघांचा उद्योग झाला. मला त्याच गाडीवर भाऊंनी शिकवलं. शेजारी बसून शिव्या घालत शिकवलं, आणि मी चांगली शिकले.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मेस्त्री झोपेतच गेले. स्मशानातून मी भाऊंना गाडीने घरी आणलं. आई ओट्यावर वाट पाहत होती. भाऊ येऊन टेकले, तशी ती म्हणाली, "एक सांगूचा होता. मी तेंच्याकडे गेल्लंय. गियर करू नकात म्हणान सांगूक."

"म्हायत आसा माका. तिठ्यार कोण गप रवता?" भाऊ म्हणाले. डावा हात उजव्या हाताने उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. "तेना तुझा आयकूक नाय, म्हणान मी त्या सीटवरसून आपणाहून उतरलंय. नायतर तुमी माका उतरवलात असतात."