एसीतला टायर

एक टायर चार दिवस घरी ठेवून घ्यायला मी कबूल झालो, तेव्हा त्या टायरला पंख असतील, डोक्यावर चामड्याची टोपी असेल आणि तो माझ्या हॉलमध्ये शिटेल, अशी मला अजिबात कल्पना नव्हती.

चूक माझीच. (माझ्या बऱ्याच आठवणी याच दोन शब्दांनी सुरू होतात, असं माझ्या बायकोचं, म्हणजे शैलाचं, म्हणणं आहे.) गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. बहरीनमध्ये तुबलीच्या एका गराजात मी स्टोअरकीपर होतो. दिवसभर टायर, बेअरिंग, फॅनबेल्ट यांच्यात राहिलं की कानात दुसरा शब्द शिरायला जागाच उरत नाही. गराजचे मालक बू खालिद म्हणजे भला, वयस्कर माणूस. माझे स्पॉन्सरही तेच. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर लटकलेला, आणि ती सही नेमकी त्याच महिन्यात व्हायची होती. झेन म्हणजे ठीक, मफी म्हणजे नाही, असे चार शब्द सोडले तर अरबी मला येत नसे. येत नाही हे कोणाला कळू नये म्हणून मी हसून मान हलवत असे. आठ वर्षं निव्वळ मानेवर निभावली होती.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी दुपारी बू खालिद काउंटरवर आले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "तैर, चार दिन, तुम्हारा घर. झेन?"

मी ऐकलं, टायर.

"यस यस! मेरा घर, झेन, झेन!"

"गराज मफी. गराज गरम. एसी लाजिम."

टायरला एसी? मी मनात म्हटलं, असेल बाबा, श्रीमंतांचा टायर आहे!

"शोर मफी. बच्चा लोग हात मफी."

"मफी, मफी! इंशाल्ला!" मी मान हलवली.

लवकर घरी येऊन मी गॅलरीतली रद्दी सरकवली आणि शैलाला म्हटलं, "संध्याकाळी साहेबांचा टायर येणार आहे. एसीत ठेवायचाय."

"टायर?"

"हो."

"एसीत?"

"हो."

"तुम्ही नीट ऐकलंत ना?"

"शैला, टायर हा माझा विषय आहे!"

पाच वाजता बेल वाजली. दारात बू खालिद. डाव्या हातात जाड मोजा आणि मोज्यावर एक ससाणा, डोळ्यांवर चामड्याची टोपी, छाती पुढे काढून, इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्यासारखा. त्यांच्या मागे आमच्या गराजचे वेल्डर हसनभाई, बाणकोटचे. त्यांच्या खांद्यावर एक खांब. "टायर कुठाय?" मी विचारलं.

"साहेब," हसनभाई माझ्या कानाशी लागले, "टायर नाय, तैर! तैर म्हंजे पाखरू!"

"मग दुपारी काउंटरशी उभे होतात, तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही मान हलवलीत. मला वाटला तुमाला ठाव हाय!"

बू खालिद पुलावरून सौदीला भाचीच्या लग्नाला निघाले होते आणि पाखरं सांभाळणारा त्यांचा माणूस सुट्टीवर गेला होता. त्यांनी त्या पाखराचा एक पंख अलगद पसरून मला दाखवला. "ये मेरा बेटी," ते म्हणाले. "एक पर टूटा, तो खलास." एक पीस मोडलं की शिकारीचा सगळा मोसम फुकट, हे हसनभाईंनी समजावलं. माझा व्हिसाही फुकट, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती.

मग त्यांनी हसनभाईंच्या खांद्यावरचा खांब घेतला. या खांबाला तिकडे वकर म्हणतात. अळंब्यासारखा, वर मऊ गादी आणि खाली जमिनीत रोवायला वीतभर लोखंडी खिळा. खांब हातात धरून ते माझ्या हॉलभर फिरले. हॉलला मोझॅकच्या फरशा. फ्लॅट पहिल्या मजल्यावर.

"रमल वेन?" त्यांनी विचारलं.

"वाळू खय हाय, विचारतायत," हसनभाई म्हणाले.

मी हसून मान हलवली.

बू खालिदना पूल गाठायची घाई होती. हॉलमध्ये इस्त्रीचं टेबल उघडं होतं. त्यांनी पाखराला त्याच्यावर बसवलं, पायातल्या चामडी पट्ट्यांची दोरी टेबलाच्या पायाला बांधली, मोजा काढून मला दिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुम गराजवाला. नया वकर बनाओ. यल्ला!" आणि गेले. त्यांचा खांब मी गॅलरीत कोपऱ्यात ठेवून दिला. खिळ्याचा खांब फरशीवर काय कामाचा?

"बहिरी हाय ही," हसनभाई पाखराकडे कौतुकाने बघत म्हणाले.

चहा घेऊन येणारी शैला जागच्या जागी थांबली. "अगं बाई! बहिरी? जन्मापासून?" आणि तिने ट्रे ठेवून पाखराच्या तोंडाशी तोंड नेलं. "घाबरू नकोस हं बाई! आपलंच घर आहे!!"

खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आई, शी इज अ पेरेग्रिन," आमची नऊ वर्षांची रेवा म्हणाली. "शी कॅन हिअर यू. एव्हरीबडी कॅन हिअर यू."

"इंग्लिशमध्ये येत असेल ऐकू!"

बहिरी ही ससाण्याची जात असते, तिचा कानांशी संबंध नाही, हे मी सांगणारच होतो. पण तेवढ्यात इस्त्रीचं टेबल चालायला लागलं! पाखराने पंख फडफडवले तसं ते गुळगुळीत फरशीवरून टीव्हीपासून निघालं आणि डायनिंग टेबलाकडे वळलं. मी झेप घेऊन त्याच्या दुसऱ्या टोकावर बसलो, तेव्हा कुठे थांबलं. मग बसूनच राहिलो. जरा उठलो की टेबल निघायचं. मी, टेबल आणि पाखरू अशी वरात हॉलमध्ये अडकून पडली. मांडीवर कागद घेऊन मी तिथेच नव्या वकराचं डिझाइन सुरू केलं. आतून शैला वाळूबद्दल काहीतरी म्हणत होती. (खिडक्यांतून वाळू येते ही तिची रोजची तक्रार.) "हो हो, उद्या पुसतो!" मी म्हटलं. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मी मान हलवली.

रोज संध्याकाळी हसनभाई येऊन बहिरीची टोपी काढत आणि बू खालिदनी दिलेले लावे तिला भरवत. (ते लावे आमच्या फ्रिजमध्ये, विरजणाच्या शेजारी. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही.) त्यांनीच मला बैठकीचे नियम सांगितले होते. कुठे धार नको, बैठक हलता कामा नये, आणि दोरी खांबाभोवती गुंडाळली जाता कामा नये, नाहीतर पाखरू अडकून पंख मोडतं. दोरी गुंडाळू नये! इथे माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. यावर उपाय एकच. बेअरिंग!

गुरुवारी टेबलाच्या टोकावर गव्हाची पोती ठेवून मी गराजात गेलो आणि हसनभाईंनी वेल्डिंग केलं. पाया म्हणून पिकअपचा जुना टायर (शेवटी टायर आलाच!), मधल्या भोकात अडकवायला लोखंडी तबकडी, तिच्यावर पाइप, पाइपवर बेअरिंग आणि बेअरिंगवर एक गोल, जड, कडा मऊ झालेली शिसवी फळी. ती मी घरूनच नेली होती. फळीवर हिरव्या प्लास्टिक गवताचं पायपुसणं चार चुका मारून बसवलं. बोट लावलं की वरचा भाग लोण्यासारखा फिरत होता.

"साहेब, जास्तच फिरतंय नाय?" हसनभाई म्हणाले.

"तीच तर गंमत आहे!"

संध्याकाळी मी मोजा चढवून बहिरीला त्या सिंहासनावर बसवलं आणि बाजूला झालो. तिने एक पाय उचलून ठेवला. फळी बोटभर सरकली. ती सावरायला उलटीकडे झुकली, तशी फळी अर्धी फिरली. ती आणखी सावरली आणि फळी पूर्ण फिरली! बिचारी जेवढी सावरे तेवढी फिरे. डोळ्यांवर टोपी, पायांखाली चक्र. दोन मिनिटांत आमच्या हॉलमध्ये जत्रेतला घोड्यांचा पाळणा सुरू झाला, फक्त घोडा एकच होता आणि तो ओरडत होता.

आणि मग ती पडली. दोरीला उलटी लटकली आणि तिचे पंख पाइपवर फटाफट आपटायला लागले.

गंमत संपली. फट्, फट्, आणि दर फट्‌ला मला ऐकू येत होतं, एक पर टूटा, तो खलास. मी टेलिफोनकडे धावलो. हसनभाईंच्या खोलीवर फोन नाही, हे तिथे पोहोचल्यावर आठवलं. मग स्वयंपाकघराकडे धावलो, का ते अजून माहीत नाही. परत आलो तेव्हा शैलाने मोजा चढवला होता आणि गुडघ्यांवर बसून तिने हात पाखराच्या छातीखाली सरकवला होता.

"वर ये! वर ये गं बाई!!"

आवाज पार शहरातल्या बाब अल बहरीन वेशीपर्यंत गेला असेल. बहिरीने पंख मिटले, मोज्यावर पाय रोवले आणि ती अंग उचलून सरळ बसली. तिने टोपीसकट मान शैलाकडे वळवली. रेवाने डोळे ताणून पिसं बघितली. "नथिंग ब्रोकन, बाबा." मी सोफ्यावर बसलो आणि लगेच उठलो. बसवेना.

शैलाची नजर मात्र दुसरीकडे होती. फळी अजून फिरत होती, हळूहळू.

"अहो. हा माझा पोळपाट आहे?"

"म्हणजे... होता."

"आईने दिलेला पोळपाट?"

"गोल आहे ना. आणि कडा मऊ..."

"त्यावर पायपुसणं ठोकलंत?"

त्या रात्री पोळ्या झाल्या नाहीत. आम्ही बेकरीतली रोटी, खुबूस, खाल्ली. बहिरी पुन्हा इस्त्रीच्या टेबलावर आणि दुसऱ्या टोकाला मी.

शुक्रवारी सुट्टी. टेबलाच्या टोकावर पुन्हा गव्हाची पोती ठेवून मी सकाळीच हसनभाईंच्या खोलीवर नवं डिझाइन घेऊन गेलो. यात तीन बेअरिंगं आणि एक ब्रेक होता. हसनभाईंनी कागद उलटसुलट बघितला आणि मला चहा पाजला. दुपारी घरी परतलो, तर हॉलमध्ये शांतता. चादरीवर तोच टायर, काठोकाठ वाळूने भरलेला. वाळूत बू खालिदचाच खांब ताठ रोवलेला. वर बहिरी एका पायावर निवांत झोपलेली. समोरच्या मोकळ्या प्लॉटातून शैला आणि रेवाने बादलीने वाळू आणली होती. मी टायरला पाय लावून पाहिला. हलेना. धार नाही, चक्र नाही, सगळीकडे मऊ रबर.

"हे... बरं सुचलं तुला," मी म्हटलं.

 शैला पोळपाटातून चुका उपटत होती.

रविवारी संध्याकाळी हसनभाईंना घेऊन बू खालिद आले. त्यांनी दोन्ही पंख पसरून एकेक पीस बोटांत धरून तपासलं. मी त्यांच्या मागून पिसं मोजत होतो.

"कुल्लु झेन," ते म्हणाले. मग त्यांनी टायर पाहिला, वाळू पाहिली, आणि हसत सुटले. "तैर टायर में! वल्ला, तुम मुहंदिस!"

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, एवढं मला येत होतं. मी शैलाकडे न बघता हसून मान हलवली. जाता जाता ते अरबीत भराभर आणखी काही बोलले. "इंशाल्ला, इंशाल्ला!" मी म्हटलं. व्हिसा पक्का!

"साहेब," जिन्यावरून हसनभाई मागे वळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात धा दिवस. दोन पाखरं. तुमी आता हो म्हनलात."

दार लावून मी वळलो. शैला पोळपाट उजेडात धरून त्याची चार भोकं बघत होती.

"बुधवारी मी स्वयंपाकघरातून तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "गराजातून एक टायर आणा, वाळू भरा आणि त्यांचाच खांब रोवा. तीनदा!"

"मला वाटलं, खिडकीतली वाळू..."

"चार दिवस मी त्या पाखराशी बहिरी म्हणून ओरडून बोलले. ते टोपी घालूनसुद्धा पहिल्या हाकेला मान वळवायचं," शैला माझ्या टकलाकडे बघत म्हणाली. "तुमचं तर सगळं डोकं उघडं आहे!"