आत्याचा धसका

आत्या गेल्याचा संदीपचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्यात एका बाईचा फॉर्म भरत होते. 'मानसिक आघात' या रकान्यापाशी पेन थांबलं होतं. मी समुपदेशक आहे. "बोला, मन मोकळं करा" असं लोकांना सांगण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगते, कारण पुढे माझीच शोभा होणार आहे.

दहाव्याला आत्याच्या गावच्या, निरगुडसरच्या बायका म्हणत होत्या, "जावंचा धसका घेतला व्हता तिनं. त्यानंच गेली." आमच्याकडे कुणाला आघात होत नाही, धसका बसतो. पोरांना परीक्षेचा, नव्या सुनेला सासूचा. बिबट्या गोठ्याशी फिरकून गेला की म्हैससुद्धा धसका घेते आणि दूध आटतं. चाळिशीतल्या बिनलग्नाच्या माणसाची थट्टाही 'लग्नाचा धसका घेतलाय' अशी याच शब्दानं होते. शब्द इतका रोजचा, की एकदा तो माणसाला लावला की पुढे कुणी काही विचारत नाही.

बारा वर्षांपूर्वी आत्या आणि तिची जाऊ यमुनाकाकी, म्हणजे संदीपची आई, उसाच्या बांधावर गवत कापायला गेल्या होत्या. भर दुपारी. आत्या विहिरीवर पाण्याला गेली, काकी खाली बसून कापत राहिली. बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं म्हणतात... आत्या कळशी घेऊन परतली तेव्हा बांधावर विळा होता आणि अर्धा बांधलेला भारा.

त्यानंतर आत्या शेतात कधी खाली बसली नाही. भाकरीसुद्धा उभ्यानं खायची. उसात कुणी शिरायच्या आधी बांधावर जाऊन विळ्याच्या मुठीनं स्टीलचं ताट बडवायची. जावई असो की वायरमन, ताट वाजल्याशिवाय कुणाला आत सोडायची नाही. पोरं चिडवायची, "आली बँडवाली!" तीही हसायची, पण ताट काही सोडायची नाही.

घरच्यांनी आपल्या परीनं तिला जपलं. काकीचा फोटो भिंतीवरून पेटीत गेला. तिचं नाव आत्यापुढे काढायचं नाही असं ठरलं. शेजारच्या यमुनालाही सगळे बेबी म्हणू लागले. संदीपनंही ते पाळलं. आणि समुपदेशनाचा कोर्स करून आलेल्या मीही पाळलं.

मागच्या उन्हाळ्यात अंगणात आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. का कोण जाणे, मी विचारलं, "आत्या, यमुनाकाकी गेली त्या दिवशी काय झालं गं?"

तिचे हात थांबले. "इतक्या वर्सांत तू पयलीच इचारलंस," ती म्हणाली. मग सांगत सुटली. "पाणी आणायची पाळी यमीची व्हती. तिचा पाय लई दुखत व्हता, म्हून मी गेले. समद्यांना वाटतं मी तिला एकटी टाकून गेले. म्हून तर फोटू काढला माझ्यापुढनं. संदीप तर आईचं नाव बी घेत न्हाई माझ्याम्होरं..."

"अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून काढला गं तो!"

"मंग मला सांगायचं व्हतं की," ती म्हणाली आणि रडली. आमच्या मायेला ती बारा वर्षं शिक्षा समजत आली होती. बिबट्यानं दिलेला धसका होताच, त्यावर आमचाही आम्ही ठेवला होता. मला माझी फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी संदीपनं पेटी उघडली. आत्यानं फोटो पदरानं पुसून स्वतः खिळ्याला लावला. पुढे ताट बडवताना ती हाकही मारू लागली, "यमे, आमी येतोय गं!" संदीप मात्र मान खाली घालून मोटर चालू करायला जायचा. आत्या हृदयविकारानं गेली, धसक्यानं नव्हे. दहाव्याला ते बायकांना सांगायचं होतं, पण मी नुसती चहा वाटत राहिले... म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात गेले होते. भिंतीवर आता दोन फोटो आहेत. ताट दारामागच्या खुंटीला, मधोमध पोचे पडलेलं. संदीप ते न घेताच मोटरकडे निघाला, तशी मी ताट आणि विळा घेऊन त्याच्यामागे बांधावर गेले. बडवायला हात उचलला तर त्यानं दोन्ही माझ्याकडून काढून घेतलं. मग विळ्याच्या मुठीनं दणादण बडवत उसाकडे तोंड करून ओरडला, "आये, आमी येतोय गं!"