कमी वाफेचं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि आमटीत मीठ जास्त पडलं तर तेही मी त्यांना पानावर बसायच्या आधी सांगून टाकते. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर मी विषय बदलला असता. ते मला फार छान जमतं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवत आले. माझा विषय सांगितला की लोक जांभई दाबतात, म्हणून थोडक्यात सांगते. कारखाना उभा करण्याआधी तो कॉम्प्युटरवर चालवून बघायचा, हे सिम्युलेशन. आणि तो कमीत कमी खर्चात कसा चालेल ते शोधायचं, हे ऑप्टिमायझेशन. शोधतो कॉम्प्युटर, पण सुरुवात कुठून करायची ते आपण सांगायचं. तिथून तो खर्चाच्या उतारानं खाली खाली जातो, आणि आणखी खाली जाता येईना की थांबतो. म्हणतो, सापडलं. दाट धुक्यात कात्रजचा घाट उतरावा तसं आहे हे. पायाखाली सपाट लागलं की वाटतं, आलो तळाला. पण ती मधलीच एखादी खोलगट जागा असली तर?

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. फळ्यावर लिहून शिकवतही होते.

माझं एक लाडकं उदाहरण होतं. मळीपासून अल्कोहोल काढायचं. अल्कोहोल वेगळं करणारे दोन उंच कॉलम, म्हणजे मनोरेच, एकातून निघणारी उष्णता दुसऱ्याला द्यायची, आणि वाफ कमीत कमी वापरायची. त्यासाठी कॉलममध्ये प्रेशर किती ठेवायचं, ते मुलांनी शोधायचं. उत्तर मी फार पूर्वी काढून ठेवलं होतं. माझ्या नावानिशी ते इतर कॉलेजांतही फिरत होतं. त्याचा मला अभिमान होता — अभिमान कसला, माज होता.

एका वर्षी वर्गात रोहिणी नावाची मुलगी होती. मांजरीहून यायची, घरी ऊस. एरवी गप्प असायची. एकदा लॅबमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझी वाफ तुमच्या उत्तरापेक्षा कमी येतेय. मी स्टार्टिंग प्रेशर जास्त घेऊन बघितलं."

मी तिच्या स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मग वडिलांना सांग की! ऊस घरचाच आहे. एवढ्याशा वाफेत अल्कोहोल निघत असेल तर कारखानाच टाका, आणि तू हो चेअरमन."

लॅब खदखदून हसली. माझ्या टोमण्यांवर मुलं हसायची, मला ते आवडायचं. रोहिणीही हसली थोडी. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव चेअरमन पडलं.

इथपर्यंत ठीक आहे, नाही का? कुठला शिक्षक कधी खोचक बोलत नाही? इथंच थांबता आलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाली. डबा तसाच ठेवून मी कॉम्प्युटरपुढे बसले — का बसले? तिच्या स्क्रीनकडे बघितलं नव्हतं म्हणून. तिनं घेतलं होतं तसं जास्त प्रेशर घेऊन सुरुवात केली. आकडे उतरत गेले. माझ्या उत्तरापाशी आले, थांबले नाहीत, त्याच्याही खाली गेले. मी सगळं तपासलं. चूक कुठेच नव्हती. तिचं उत्तर बरोबर होतं. इतकी वर्षं मी ज्याला तळ म्हणत होते, ती मधलीच खोलगट जागा होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक वाक्य पुरलं असतं. मी नवीन प्रकरण सुरू केलं.

मग ती स्टाफरूममध्ये आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझं कुठे चुकतंय, तेवढं सांगाल का?"

आता नीट ऐका, कारण सांगायचं होतं ते हे. तिचं काही चुकलेलं नाही हे मला माहीत होतं. आणि तरी मी म्हणाले, "चूक आपली आपण शोधायला शीक. मीच सांगितलं तर तू काय शिकणार?"

वर चांगल्या शिक्षिकेसारखी हसलेही.

ती शोधत राहिली. नसलेली चूक. जाता-येता मला दिसायची — कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, मान पुढे काढून. मुलं म्हणायची, चेअरमन, कारखाना कुठवर आला? सबमिशनच्या दिवशी ती आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. "सापडलं, मॅडम. जुळलं आता."

मी तिचा प्रोग्रॅम बघितला. त्यात तिनं एक ओळ वाढवली होती. प्रेशर एका मर्यादेच्या वर जाऊच द्यायचं नाही, अशी. त्या मर्यादेला काही कारण नव्हतं. म्हणजे कारण एकच होतं — मी. तिचं बरोबर उत्तर त्या मर्यादेपलीकडे होतं, आणि तिकडे जायची वाट तिनं स्वतःच्या हातानं बंद केली होती. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

आणखी आहे. पुढच्या वर्षापासून मी ते उदाहरण बदलून शिकवू लागले. आधी माझं जुनं उत्तर दाखवायचं, मग जास्त प्रेशरपासून सुरुवात करून त्याहून कमी वाफेचं. कात्रजचं धुकं वगैरे तेव्हाचंच. "ही चूक माझ्याकडूनसुद्धा झाली होती बरं का," असं म्हणायचे, आणि मुलांना वाटायचं, मॅडम किती प्रामाणिक. माझं सगळ्यांत गाजलेलं लेक्चर ते. त्यात रोहिणी कुठेच नसायची.

कारण द्यायचा मोह होतोय. देत नाही.

गेल्या वर्षी हडपसरच्या बाजूच्या एका कॉलेजातून फोन आला. आवाज लगेच ओळखू आला नाही. "मॅडम, मी रोहिणी. मी पण आता तोच विषय शिकवते. आमच्या मुलांसाठी एक लेक्चर द्याल का?" मी हो म्हणाले. तेच धुक्याचं लेक्चर घेऊन जायचं, आणि सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांगून टाकायचं, असं ठरवून निघाले. रिक्षात वाक्यंसुद्धा जुळवली होती.

तिनं माझी ओळख करून दिली. साडी चापूनचोपून नेसलेली, आवाज खणखणीत. म्हणाली, "मॅडमनी मला एक गोष्ट शिकवली. उत्तर जुळत नसेल, तर आधी आपलीच चूक शोधायची. मी तुम्हाला सारखं सांगते ना, ते यांचं आहे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती पहिल्या रांगेत बसली, वही-पेन घेऊन.

मी धुक्याचा भाग गाळला. दुसरंच काहीतरी शिकवलं आणि मुलांना एक सोपं उदाहरण कॉम्प्युटरवर सोडवायला दिलं.

थोड्या वेळानं मागून एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, माझं उत्तर वेगळं येतंय." प्रश्न मला होता, पण मी काही बोलायच्या आत रोहिणी मागे वळली. हसून, अगदी माझ्याच सुरात म्हणाली, "अगं, मग चूक शोध की आधी."

ती मुलगी ओशाळली आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. तिचं उत्तर बरोबर होतं की चूक, ते मी जाऊन बघितलं नाही.