बंद कर, बापू

दहाव्याला श्रद्धांजलीचं भाषण दोन वाक्यांत उरकून साहेब माईक माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बंद कर, बापू. कावळ्याला येऊ दे."

प्रवरेच्या घाटावर माईक लावण्यात माझा जन्म गेला. भाषणं ऐकून कान किटले. तुम्ही आमच्या नेवाशाकडचे असाल तर तुम्हाला माहीतच आहे, पुढारी बोलतात आणि पळतात. साहेब तेव्हा आमदार, ते मात्र पिंडाला कावळा शिवेपर्यंत वाळूत मांडी घालून बसायचे. त्या बसण्यावरच ते निवडून यायचे, असं माझं मत. रस्ते तेव्हाही असेच होते, उगाच कशाला खोटं बोलू!

मग ते मंत्री झाले. एका म्हातारीच्या दहाव्याला बोलले आणि तसेच उठले. "बापू, मुंबईला बैठक हाय." कावळा पिंडावर उतरतच होता. तेवढ्यात गाड्या सुरू झाल्या, सायरन वाजला आणि कावळे उडाले ते उडालेच. म्हातारीचा लेक उन्हात हात जोडून विचारत राहिला, "आये, काय राहिलं गं तुझं?" शेवटी दुपारी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. कारणं पुष्कळ असतील, पण आमच्याकडं लोक अजून तो सायरनच सांगतात.

पडल्यावरही ते दहाव्याला यायचे, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. बोलायला त्यांचं नाव कुणी पुकारत नसे. कावळा शिवला की गुपचूप उठायचे. एकदा मला म्हणाले, "म्हातारीच्या लेकाची माफी मागाया गेल्तो, बापू. पानी दिलं त्यानं. बोलला न्हाई."

परवा त्यांचाच दहावा झाला. घाट माणसांनी भरला होता. नवे आमदार बोलायला उभे राहिले, ते थांबेचनात. कावळे पिंपळावरच. साहेबांच्या पत्नीची नजर पिंडावरून हलत नव्हती. मी आपला वायर धरून बसलो होतो, आता या वयात कुणाशी वाकडं घ्यायचं!

गर्दीतून एक जण वाट काढत माझ्याजवळ आला. बघतो तर म्हातारीचा लेक.

"बंद कर, बापू," तो म्हणाला. "कावळ्याला येऊ दे."

मी बटण दाबलं. आमदारांना वाटलं, लाईट गेली. थोड्या वेळानं पिंपळावरून एक कावळा खाली उतरला. आधी तो लेक रडला, मग मी.