फ्रिजचं नाक

आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात आणि फावल्या वेळात सरकारचे वाभाडे काढतात. पहिलं काम स्वतःच्या नावानं, दुसरं ब्लॉगवर, 'शेजारचा' या टोपणनावानं. घरात तोंडातून शब्द फुटेल तर शपथ, पण तिथे मंत्र्यालाही सोडत नाहीत. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं.

मग नियम आला. राजकारणावर ऑनलाइन लिहिणाऱ्यानं आपलं खरं नाव आणि पत्ता सरकारकडे नोंदवायचा. ह्यांची निम्मी कामं सरकारी कचेऱ्यांतली. नाव फुटलं की ती गेलीच. म्हणून ह्यांनी नाव नोंदवलं नाही आणि लिहिणंही सोडलं नाही. सोडला तो माणसांवरचा विश्वास. मीटर बघायला माणूस आला तरी कपाळाला आठी. "हा नेहमीचा नाही," म्हणाले. नेहमीचाच होता, मिशी काढली होती बिचाऱ्यानं.

आणि एवढ्या सावध माणसानं माती कुठे खाल्ली? त्या नियमावर ह्यांनी लिहिलेल्या लेखाखालीच एका वाचकानं विचारलं, "विषय वेगळा आहे, पण माझा फ्रिज आतून गळतोय. काय करू?" कुणीतरी सल्ला दिला, गॅस भरून घ्या. ह्यांना राहवेना. लिहून मोकळे झाले, "गॅसला हात लावू नका. फ्रिजचं नाक चोंदलंय. आत मागच्या बाजूला भोक आहे, त्यात कोमट पाणी सोडा."

"कशाला लिहिलंत?" मी वैतागले.

"अगं, उगाच गॅस भरून बसला असता तो!"

पुढच्याच आठवड्यात एका साहेबांच्या घरून बोलावणं आलं. फ्रिज गळत होता. ह्यांनी वाकून बघितलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात तेच म्हणाले, "काही नाही साहेब, नाक चोंदलंय." भोकातून कापसाचा बोळा निघाला, चांगला दाबून बसवलेला.

साहेब हसले. "तुमच्याआधी दोघं येऊन गेले. नाक कुणी म्हणालं नाही." मग दारापर्यंत सोडायला आले. "छान लिहिता," म्हणाले.

साहेब कुठल्या खात्यातले, हे विचारायची ह्यांची छाती झाली नाही.

"वाचक असेल एखादा," मी समजूत घातली.

"वाचक स्वतःच्या फ्रिजमध्ये बोळा कोंबतो?"

ब्लॉग त्याच दिवशी पुसला. त्यानंतर ना नोटीस आली, ना कुणी माणूस. कचेऱ्यांतली कामंही चालू आहेत. ह्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटते.

काल आमच्याच फ्रिजमध्ये पाणी साचलं. मी हाक मारली, "अहो, बघता का जरा? आपल्याही फ्रिजचं नाक चोंदलंय वाटतं."

हे दारातच थबकले. मीटरवाल्याकडे बघायचे, तसे माझ्याकडे बघत राहिले. "तुला कुणी विचारायला सांगितलं?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं परकं कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. मी फडकं घेऊन पाणी पुसायला लागले. हे आले, वाकले, आणि आधी भोकात बोट घालून बोळा शोधू लागले.